कळ दाबली, पण थांबले कोण?

संगणकाच्या कळफलकावर ‘क’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ उमटतो. तो कोठे उमटेल याविषयी आपल्या मनात शंका नसते. पडद्यावर दहा चौकटी उघड्या असल्या तरी ज्या चौकटीत ती लुकलुकणारी उभी रेघ असेल, तेथेच तो उमटणार. हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी ठरवलेला नियम आहे हेच आपण विसरतो.

त्याच कळफलकावर, बहुधा वरच्या बाजूला, आणखी काही कळा असतात. एकीवर त्रिकोण आणि त्याच्या शेजारी दोन उभ्या रेघा, दुसरीवर कर्ण्याचे चित्र, तिसरीवर कर्णा आणि त्यावर काट. गाणे सुरू करणे, थांबवणे, आवाज वाढवणे, कमी करणे, अजिबात बंद करणे ही कामे त्यांनी करायची असतात. त्यांना सर्वत्र मीडिया कीज असे म्हणतात; या लेखात आपण ध्वनिकळा म्हणू. आता प्रश्न असा की, संगणकावर एकाच वेळी तीन ठिकाणी काही ना काही वाजत असेल किंवा वाजायच्या तयारीत असेल, तर त्रिकोणाची कळ दाबल्यावर कोणी ऐकावे? गंमत अशी की या प्रश्नाला संगणकागणिक वेगळे उत्तर मिळते, आणि कित्येकदा एकाच संगणकावर सकाळी एक आणि दुपारी दुसरे मिळते.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आमच्या आंबागडसारख्या ठिकाणच्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एक संगणक, त्याला जोडलेला एक ध्वनिवर्धक आणि पटांगणात रांगेत उभी असलेली मुले. परिपाठाची वेळ झालेली आहे. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राला राज्यगीतही मिळालेले आहे. मुले सावधान उभी राहतात, गुरुजी त्रिकोणाची कळ दाबतात, आणि आदल्या दिवशी कोणीतरी ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली साबणाची जाहिरात पटांगणभर दुमदुमू लागते. गुरुजी घाईने पुन्हा कळ दाबतात. जाहिरात थांबते, पण राष्ट्रगीत काही सुरू होत नाही. मुले हसतात, गुरुजी ओशाळतात, आणि दोष मात्र ‘गुरुजींना संगणक येत नाही’ असा त्यांच्या माथी बसतो. माझे मत असे की दोष गुरुजींचा नाही. ती कळ कोणाची, हे ज्यांनी ठरवायला हवे होते त्यांनी ते नीट ठरवले नाही, त्यांचा तो दोष आहे.

मत देण्याआधी त्या कळेच्या पोटात काय चालते ते पाहू. कळफलकावर साधारणपणे १०४ कळा असतात. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार दिली तर शंभरावर तारांचे जंजाळ होईल. म्हणून कळांच्या खाली तारांची जाळी असते. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या ओळी घेतल्या, तर ८ × १६ = १२८ छेदबिंदू मिळतात आणि तारा मात्र लागतात केवळ २४. कळफलकातील चिमुकला मायक्रोकंट्रोलर एकेका आडव्या ओळीत आळीपाळीने विद्युत्-संकेत सोडतो आणि तो कोणत्या उभ्या ओळीतून परत येतो ते पाहतो. हे काम तो सेकंदाला शेकडो वेळा करतो. कळ दाबताना आतील स्पर्शक एकदाच टेकत नाही. जमिनीवर टाकलेल्या चेंडूसारखा काही मिलिसेकंद उसळतो. ही उसळी संपेपर्यंत मायक्रोकंट्रोलर थांबतो, नाही तर एका दाबात पाच ‘क’ उमटतील. (बिनतारी कळफलकात या साऱ्याला वीज पुरवणाऱ्या पेन्सिल सेलचा धन बाजूचा मसाला म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड. असे खनिज आमच्याच तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते, हे येथील मुलांनी जरूर लक्षात ठेवावे.)

येथवर ‘क’ची कळ आणि त्रिकोणाची कळ यांच्यात काहीच फरक नाही. फरक पडतो तो यापुढे. १९९६ साली आलेल्या यूएसबी जोडणीसाठी एक मोठी कोशवजा यादी तयार करण्यात आली. तीत प्रत्येक कळेला क्रमांक आहे, आणि हे क्रमांक निरनिराळ्या ‘पानांवर’ वाटलेले आहेत. पान ७ कळफलकाचे. इंग्रजी ए अक्षराची कळ या पानावर ४ या क्रमांकाने येते. पण आवाज वाढवण्याची कळ बहुतेक कळफलकांवर पान ७ वर नसतेच. तिचा क्रमांक २३३, आणि तो आहे पान १२ वर. या पान १२ वर शेजारी कोण आहेत? टेपरेकॉर्डर, व्हिडिओ, दूरचित्रवाणी संच अशा घरगुती उपकरणांच्या कळा! म्हणजे तुमच्या हाताखालच्या त्या एका पेटीत खरे तर दोन बिऱ्हाडे राहतात. एक टंकलेखन यंत्राचे आणि दुसरे रिमोट कंट्रोलचे.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की माझ्या मते अर्धा वाद मिटतो. टंकलेखन यंत्राची कळ म्हणजे पत्र होय. त्यावर पत्ता असतो, आणि ते त्या एकाच घरी जाते. ध्वनिकळ म्हणजे नगारा. आंबागडच्या किल्ल्यावर एखाद्या काळी धोक्याचा नगारा वाजला असेल, तर तो ‘फक्त अमक्या वाड्यासाठी’ वाजला नसणार. ज्या ज्या कानांवर पडला त्या सर्वांसाठी तो होता. मी निबंध लिहीत असतो, मागे कुठे तरी गाणे चालू असते, दाराशी कोणी येते. मला गाणे थांबवायचे आहे. त्यासाठी आधी निबंधाची चौकट बाजूला सारून गाण्याची चौकट शोधायची असेल, तर त्या वेगळ्या कळेचा उपयोग काय? तेव्हा ध्वनिकळांनी समोरच्या चौकटीचे ऐकू नये, वाजणाऱ्याचे ऐकावे, हा पहिला नियम.

पण ‘वाजणाऱ्याचे’ म्हणजे नक्की कोणाचे? येथे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. ॲपलच्या मॅक संगणकांवर काहीही वाजत नसताना त्रिकोणाची कळ दाबली तर कंपनीचा स्वतःचा गाण्यांचा कार्यक्रम आपोआप उघडतो, ही वापरणाऱ्यांची फार जुनी तक्रार आहे. पूर्वी त्याचे नाव आयट्यून्स होते, पुढे म्युझिक झाले. सवय तीच राहिली. २०१७ साली मॅकच्या हाय सिएरा या आवृत्तीत ध्वनिकळा ब्राउझरमधील चित्रफितींनाही लागू झाल्या, तेव्हा नेमका उलटा आरडाओरडा झाला. लोक गाणे थांबवायला जात आणि कळ भलत्याच पानावरच्या चित्रफितीला जाऊन लागे. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०१९ साली ७३ व्या आवृत्तीत ध्वनिकळा ओळखायला सुरुवात केली, आणि त्यानंतर विंडोजवरही ब्राउझर आणि गाण्याचा कार्यक्रम यांच्यात कळ कोणाची अशी ओढाताण अनेकांच्या अनुभवास आली. लिनक्सवर वाजवणाऱ्या कार्यक्रमांनी आपली नावे एका सामायिक फलकावर नोंदवावीत अशी पद्धत आहे. पद्धत चांगली, पण फलकावर चार नावे असतील तर पहिले कोणाचे, हा प्रश्न तेथेही उरतोच.

यात क्रोमने केलेली एक बारीकशी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पाच सेकंदांहून लहान ध्वनीला तो ध्वनिकळेचा हक्क देत नाही. निरोप आल्याची ‘टिंग’ झाली म्हणून गाण्याने आपला हक्क सोडावा हे योग्य नाही, हे त्यांनी ओळखले.

माझे मत सांगतो. थांबवणे आणि सुरू करणे या दोन क्रिया आरशातील प्रतिमांसारख्या दिसल्या तरी त्यांची किंमत सारखी नाही. जो हात थांबवण्यासाठी कळेकडे जातो त्याला शांतता हवी असते, आणि बहुधा लगेच हवी असते. फोन आलेला असतो, वर्गात मुख्याध्यापक आलेले असतात, झोपलेले बाळ कुशीवर वळलेले असते. तेव्हा थांबवताना जे जे ऐकू येत आहे ते सर्व थांबले पाहिजे. सुरू करताना मात्र एकच गोष्ट सुरू व्हावी, जी सर्वांत शेवटी माणसाने स्वतः थांबवली ती. आणि काहीच थांबवलेले नसेल तर? काहीही होऊ नये. बंद असलेला कार्यक्रम उघडू नये, कंपनीच्या दुकानाची जाहिरात दाखवू नये, कालची चित्रफीत उकरून काढू नये. ज्या कळेला करण्याजोगे काम नाही तिने स्वस्थ बसावे.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. गाण्याचा रियाज करणारी मुलगी संगणकावर तानपुऱ्याचा सूर सतत लावून ठेवते आणि त्याच वेळी गुरूंनी दिलेली ध्वनिफीत ऐकते. तिला ध्वनिफीत वारंवार थांबवायची असते, तानपुरा नव्हे. सर्वच थांबवणारी कळ तिच्या काय कामाची? म्हणून ‘मला या कळेतून वगळा’ असे सांगण्याची सोय प्रत्येक कार्यक्रमात हवी, आणि ते सांगण्याचा अधिकार कार्यक्रमाला नव्हे, तर वापरणाऱ्याला हवा. जाहिरातवाल्यांच्या हाती हा अधिकार गेला तर सगळ्या जाहिराती तानपुरा होऊन बसतील!

आता त्या कळेवरच्या चित्राकडे जरा निरखून पाहा. त्रिकोण म्हणजे ‘वाजव’, दोन रेघा म्हणजे ‘थांब’. दोन परस्परविरोधी आज्ञा एकाच कळेवर! ही कळ म्हणजे ‘असेल त्याच्या उलट कर’ एवढीच आज्ञा होय. आपल्या घराच्या जिन्यात वर एक व खाली एक अशी दोन बटणे असतात आणि दिवा एकच असतो. कोणतेही बटण दाबा, दिव्याची अवस्था उलटते. तेथे ही योजना उत्तम चालते, कारण दिवा डोळ्यांसमोर असतो आणि बटण दाबल्याक्षणी तो लागतो किंवा विझतो. या दोहोंपैकी एक अट मोडली की गोंधळ झालाच.

गणिताच्या भाषेत पाहू. वाजत असणे म्हणजे +१ आणि थांबलेले असणे म्हणजे −१ असे मानले, तर उलटी कळ दाबणे म्हणजे −१ ने गुणणे. कळ n वेळा दाबली तर गुणक होतो (−१) चा n वा घात. n सम असेल तर उत्तर जेथल्या तेथे, विषम असेल तर उलटे. संगणक जुना आहे, कळ दाबल्यावर दोन सेकंद काहीच झाले नाही. माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. दोन्ही दाब रांगेत उभे असतात. संगणकाला सवड मिळाली की तो इमानाने दोन्ही पार पाडतो, गाणे सुरू होते आणि लगेच थांबते. माणूस चिडून तिसऱ्यांदा दाबतो.

याउलट ‘थांब’ एवढेच सांगणारी स्वतंत्र कळ घ्या. वाजणे म्हणजे १ आणि थांबणे म्हणजे ० मानले, तर ही कळ दाबणे म्हणजे शून्याने गुणणे. एकदा गुणा, दहादा गुणा, उत्तर शून्यच. अधीर माणसाने कितीही वेळा दाबली तरी हानी नाही. लिफ्ट बोलावण्याचे बटण असेच असते. पाच जणांनी पाच वेळा दाबले म्हणून लिफ्ट परत जात नाही.

आणि मौज पाहा. मघाच्या यादीतील त्या १२ व्या पानावर ‘वाजव’ला स्वतंत्र क्रमांक आहे, १७६. ‘क्षणभर थांब’ला आहे, १७७. ‘पूर्ण थांब’ला आहे, १८३. आणि दोन्हींचे मिश्रण असलेल्या उलट्या कळेला २०५. म्हणजे यादी करणाऱ्यांनी चारही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. कळफलक बनवणाऱ्यांनी एका कळेची जागा वाचवण्यासाठी बहुधा २०५ उचलला, एवढेच.

संगणकापूर्वीच्या यंत्रांनी ही अडचण कशी सोडवली होती? फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. त्यानंतरच्या कॅसेट टेपरेकॉर्डरवर पियानोसारख्या जाड कळा असत. आजच्या विद्यार्थ्यांनी तो पाहिला नसेल, पण आजोबांच्या कपाटात एखादा अजून सापडेल. त्यातील ‘वाजव’ची कळ दाबली की ती दबलेलीच राही. आतील एक सरकती पत्र्याची पट्टी तिला धरून ठेवी. ‘थांब’ दाबले की ती पट्टी सरके आणि ‘वाजव’ची कळ खट्‌कन वर येई. म्हणजे ती कळ आज्ञाही होती आणि बातमीही होती. अंधारात हाताने चाचपून यंत्र चालू आहे की बंद हे सांगता येई. आजची कळ दाबून सोडली की स्प्रिंगने वर येते, आणि तिच्याकडे पाहून किंवा तिला हात लावून काहीही कळत नाही. माहिती पडद्यावर कोठेतरी आहे. तीही आपण नेमक्या त्या चौकटीत असलो तर!

त्याच टेपरेकॉर्डरची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रण करायचे तर बहुतेक यंत्रांवर ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ या दोन कळा एकदम दाबाव्या लागत. कारण उघड आहे. ध्वनिमुद्रण चुकून सुरू झाले तर आधीचे मुद्रण पुसले जाते, आणि ते परत येत नाही. धोका जेवढा मोठा तेवढी कृती जाणूनबुजून करावी लागेल अशी ती रचना होती. आता २०२० सालच्या टाळेबंदीतील आपले ऑनलाइन वर्ग आठवा. “सर, तुमचा आवाज येत नाही!” हे वाक्य तेव्हा घरोघरी घुमले. त्याहून वाईट म्हणजे ध्वनिग्राहक बंद आहे अशा समजुतीने घरातले बोलणे पन्नास मुलांच्या कानी गेले, असेही घडले. ध्वनिग्राहकाची कळ ही उलटी कळ असणे मला सर्वांत घातक वाटते. बंद करणे एका दाबात व्हावे आणि कितीही दाबले तरी ते बंदच राहावे. उघडणे मात्र मुद्दाम, कळ धरून ठेवून किंवा दुसऱ्या कळेच्या जोडीने व्हावे. आणि कळेवर छोटा दिवा हवाच. काही लॅपटॉपवर तो असतो. ज्यावर नाही तो विकत घेताना शिक्षकांनी दोनदा विचार करावा असे मी म्हणेन.

पण दिवा कोणाला दिसतो? ज्याला डोळे आहेत त्याला. अंध विद्यार्थी संगणक वापरतात ते पडदा वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या साह्याने. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली असा एक कार्यक्रम सुरू केला, त्याचे नाव एनव्हीडीए. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचून दाखवतो. आता विचार करा. त्या मुलाचे बोट चुकून काट मारलेल्या कर्ण्याच्या कळेवर पडले. संगणक गप्प झाला. तुमच्या-माझ्यासाठी आवाज गेला, त्याच्यासाठी पडदाच गेला. यंत्र अडकले आहे, वीज गेली आहे, तार निघाली आहे की आवाज बंद झाला आहे, हे ओळखायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. आणि पुन्हा तीच कळ दाबून पाहावी तर सम-विषमाचा खेळ सुरू!

म्हणून आवाज बंद करण्याच्या कळेने पडदा-वाचकाचा आवाज मुकाट्याने बंद करू नये. तो वेगळ्या मार्गाने चालू ठेवता येतो, निदान ‘आवाज बंद’ एवढे दोन शब्द बोलून मग गप्प होता येते. कळफलक बनवणाऱ्यांना तर त्याहून सोपा उपाय आहे. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बोटांना जागा सापडावी म्हणून बारीक उंचवटा असतो, तसाच एक त्या कळेवरही ठेवावा. याला खर्च जवळजवळ नाही. तरीही बहुतेक कळफलकांवर तो नाही, याचा अर्थ कोणी त्या मुलाचा विचारच केलेला नाही.

आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या कळांविषयी भौतिकीच्या शिक्षकाने बोलायचे नाही तर कोणी? विंडोजवर एका दाबात आवाज १०० पैकी २ ने बदलतो. मॅकवर शून्यापासून कमालीपर्यंत १६ घरे असतात. आता समजा हे आकडे ध्वनितरंगाच्या आयामाशी सरळ प्रमाणात जोडले, तर काय होईल? २ वरून ४ वर गेलो तर आयाम दुप्पट, म्हणजे सुमारे ६ डेसिबलची वाढ. ती कानाला स्पष्ट जाणवते. ९८ वरून १०० वर गेलो तर वाढ किती? २० गुणिले (१००/९८ चा लॉगरिथम), म्हणजे सुमारे ०.१८ डेसिबल. साधारण १ डेसिबलच्या आतला फरक सहसा आपल्या ध्यानातच येत नाही. म्हणजे तीच कळ, तोच दाब, पण खालच्या टोकाला धक्का आणि वरच्या टोकाला काहीच नाही. कान हा बेरजेने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला तो सुमारे १० डेसिबलने उतरवावा लागतो, म्हणजे आयाम जवळजवळ ०.३२ पट करावा लागतो, निम्मा नव्हे. म्हणून प्रत्येक दाबाला ठरावीक बेरीज नव्हे, तर ठरावीक गुणक हवा. चांगल्या यंत्रणा आकडा आणि आयाम यांच्यामध्ये असा वक्र घालतातच. पण सगळेच कार्यक्रम घालत नाहीत; ब्राउझरमधील एखाद्या चित्रफितीच्या पट्टीवर प्रयोग केलात तर तुम्हांला फरक ऐकू येईल.

जुन्या रेडिओचे फिरवायचे बटण या बाबतीत कळेपेक्षा मला नेहमीच सरस वाटत आले आहे. त्याच्यावर टिंबाची खूण असे, ती पाहूनच रेडिओ लावण्यापूर्वी आवाज किती येणार हे समजे. कळ ते सांगू शकत नाही. शिवाय बिनतारी, म्हणजे ब्लूटूथ ध्वनिवर्धक जोडला की आवाज पोहोचायला ०.१ ते ०.३ सेकंद इतका उशीर होऊ शकतो. साधारण ०.१ सेकंदाच्या आत उत्तर मिळाले तर ते आपल्याला तत्काळ मिळाल्यासारखे वाटते. त्यापुढे उशीर झाला की हात पुन्हा कळेकडे जातो. गिझरच्या नळाखाली उभे राहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पाणी गार म्हणून नळ आणखी सोडावा, तेवढ्यात आधीच सोडलेले कढत पाणी येऊन अंग पोळावे. मागून येणाऱ्या उत्तरावर पुढची कृती ठरवायची आणि उत्तर उशिरा यायचे, की प्रणाली हेलकावे खाऊ लागते. वाफेच्या यंत्राच्या गतिनियामकाचे असेच हेलकावे मॅक्सवेलने १८६८ साली गणिताने अभ्यासले होते. तेव्हा आवाज पोहोचायला उशीर होणार असेल तर निदान पडद्यावरची पट्टी तरी तत्क्षणी हलली पाहिजे.

पुढच्या-मागच्या गाण्याच्या कळांबद्दल फार लिहीत नाही. त्या फसल्या तर फारसे बिघडत नाही. मात्र लॅपटॉपवरील वरच्या ओळीबद्दल एक शब्द. तेथे एफ १ ते एफ १२ या जुन्या कळांवरच ध्वनिकळा बसवलेल्या असतात आणि एफएन नावाची आणखी एक कळ दाबून त्यांचे काम बदलते. पाठाच्या चित्रपट्ट्या सुरू करायला शिक्षक एफ ५ दाबतात आणि पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलतो. कोणते काम मूळचे आणि कोणते एफएनचे, हे कंपनीने नव्हे तर शाळेने ठरवावे, आणि प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर ते एकच असावे. ही सोय बहुतेक लॅपटॉपवर असते. वर्षाच्या सुरुवातीला अर्धा तास दिला तर काम होते.

शिक्षकांना आणखी एक सुचवतो. पुढल्या तासाला संगणक कक्षात हा प्रयोग करून पाहावा. गाण्याच्या कार्यक्रमात एक गाणे लावा, ब्राउझरमध्ये एक चित्रफीत सुरू करा आणि तिसरी एक कोरी लेखनाची चौकट समोर आणा. त्रिकोणाची कळ एकदा दाबा. कोण थांबले ते लिहा. पुन्हा दाबा, कोण सुरू झाले ते लिहा. मग चित्रफीत आधी आणि गाणे नंतर असा क्रम बदलून तेच करा. त्यानंतर सर्व बंद करून कळ दाबा, आणि संगणक स्वतःहून काही उघडतो का ते पाहा. शेवटी पडदा कुलूपबंद करा आणि आवाज बंद करण्याची कळ चालते का ते तपासा. माझ्या मते थांबवण्याच्या आणि आवाजाच्या कळा कुलपाबाहेरच असल्या पाहिजेत, कारण संगणकाच्या मालकाचा परवलीचा शब्द माहीत नसलेल्या माणसालाही शांतता हवी असते. प्रत्येक गटाने आपला संगणक, त्यावरील यंत्रणेचे नाव व आवृत्ती आणि मिळालेली उत्तरे एका तक्त्यात मांडावीत. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, तर फरक कशामुळे पडला असेल याचा तर्क त्यांनी शेजारच्या रकान्यात लिहावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तो तर्क तपासावा.